ढिगातली हवा : इंदूर ते पुसद

गावातल्या एखाद्या जुन्या उकिरड्याची कड फावड्याने उभी कापून पाहावी. वरचा दोन-तीन वितींचा थर तपकिरी व भुसभुशीत दिसतो. त्याखाली मात्र काळपट, चिकट आणि नाक धरायला लावणारा लगदा असतो. शेण तेच, काडीकचराही तोच. मग हा फरक कशामुळे? वरच्या थराला हवा मिळाली, खालच्याला मिळाली नाही, हे त्याचे मुख्य कारण. शेणखताच्या ढिगात हवा कशी खेळती ठेवायची, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास १९२४ ते १९३१ या काळात आपल्या शेजारच्या इंदूर शहरात झाला.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत आले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हाच्या जातींबरोबरच जमिनीतील हवेचाही अभ्यास केला. पाणी तुंबून मातीतली हवा कमी झाली की मुळे गुदमरतात, हे त्यांनी तेथे पाहिले होते. १९२४ साली हॉवर्ड इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’चे संचालक झाले. तेथे त्यांना रसायनशास्त्राच्या कामात यशवंत वाड यांची साथ मिळाली. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याविषयी जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. पुढे जगभर हॉवर्ड यांचेच नाव झाले. वाड मागे पडले.

त्यांच्यापुढची अडचण आपल्या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची होती. बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवता आला पाहिजे. त्यांनी पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण असे मिळेल ते गोळा केले. कठीण काड्या शेतातल्या रस्त्यावर पसरल्या, म्हणजे येत्या-जात्या गाड्यांच्या चाकांखाली त्या आयत्या चेचल्या जात. त्यात शेणकाला, गोठ्यातील मूत मुरलेली माती आणि राख मिसळून उथळ खड्डे भरले जात.

खड्डे उथळ का? आंबणाऱ्या ढिगात हवा वरून सुमारे १८ ते २४ इंचच आत जाते, असे त्यांना आढळले. म्हणून ढीग दाबायचा नाही, पाणी बेताने घालायचे आणि साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी, असा तीन वेळा तो पालटायचा. पुढे पहारेने ढिगात उभी भोके पाडण्याची जोडही या रीतीला मिळाली. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

हवेने खताचा दर्जा का सुधारतो? ऑक्सिजन मिळाला की त्यावर जगणारे जिवाणू व बुरशी वेगाने वाढतात. त्यांच्या श्वसनातून निघणाऱ्या उष्णतेने ढीग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. या उष्णतेत तणांच्या बहुतेक बिया आणि अनेक रोगजंतू मरतात. पालटताना कडेचा माल आत जातो, म्हणून तोही तापतो. काडीतील कार्बन कर्बवायूच्या रूपाने निघून जातो आणि नत्राच्या तुलनेत त्याचे प्रमाण घटते. अर्धकच्चे खत शेतात घातले, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. हवा नसेल तर कुजणे मंदावते, दुर्गंधी सुटते आणि मिथेन तयार होतो.

पण हवेचा अतिरेकही बरा नव्हे. ढीग फार वेळा उलटला, किंवा शेणाच्या मानाने काडीकचरा कमी पडला, तर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. डोळे चुरचुरवणारा तो वास म्हणजे शेतात जायचे खत हवेत चालल्याची खूण!

इंदूर पद्धतीची खरी अडचण श्रमांची होती. गाड्यांनी मोजायचा ओला ढीग तीनदा पालटायचा कोणी? संस्थेत मजूर असतात. लहान शेतकऱ्याकडे बहुधा घरचीच माणसे. या प्रश्नाला पुढे निरनिराळी उत्तरे मिळाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली, मुख्यतः शहरी कचरा व मैल्यासाठी, वेगळी रीत बसवली : खड्डा भरा, मातीने लिंपा आणि वाट पाहा. पालटण्याचे कष्ट वाचले, नत्रही कमी उडाले. पण सहा ते आठ महिने थांबणे आले.

तिसरे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिले. ‘नाडेप’ हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून आले. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे आणि भिंतींत जागोजागी भोके ठेवायची. काडीकचरा, माती आणि सुमारे १०० किलो शेण यांचे थर भरून वरून लिंपायचे. ढीग पालटावा लागत नाही. हवा भिंतीतून आत येते. तीन-चार महिन्यांत खत मिळते. इंदूरला जे काम फावड्याने होत होते, ते येथे गवंड्याने एकदाच करून ठेवले.

शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. सारख्या आकाराच्या दोन बादल्या घ्याव्यात. एकीला सर्व बाजूंनी भोके पाडावीत, दुसरी तशीच ठेवावी. दोन्हींत शेण, पालापाचोळा व माती यांचे सारखेच मिश्रण भरावे. हाताने दाबल्यावर जेमतेम थेंब सुटेल इतकाच ओलावा असावा. आठवड्यातून एकदा वास, रंग आणि तापमान नोंदवावे. बादली लहान असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते, त्यामुळे ती मोठ्या ढिगासारखी तापणार नाही. हे का, तेही विद्यार्थ्यांना विचारावे. तीन महिन्यांनंतर दोन्ही खतांत मेथी पेरून पाहावी. कोणत्या बादलीतली मेथी आधी पिवळी पडते आणि का, याचे उत्तर मग मुलेच देतील.