उन्हात जुनी गाडी बंद पडते? कार्बोरेटर बदलण्याआधी बघा : करंट गेला की पेट्रोल?

नांदेड/लातूर : सकाळी गाडी एका सेल्फात चालू होते. गावातून निघून २०-२५ किलोमीटर बिनतक्रार पळते. दुपारी बाराच्या पुढे चढाला लागली की धक्के खाते, मिस मारते आणि रस्त्यातच बंद पडते. अर्धा तास झाडाखाली उभी केली की काहीच झालं नाही अशी पुन्हा चालू. मिस्त्रीकडे न्यावी तर तिथं गाडी ठणठणीत. मग अंदाजानं कार्बोरेटर बदलला जातो, पंप बदलला जातो, पैसा जातो आणि पुढच्या उन्हात गाडी पुन्हा तिथंच.

अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि कार्बोरेटरवाली मारुती ८०० आजही आपल्या भागातल्या अनेक वाड्यांत, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी कधीच बंद झाली. अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. लगीनसराईत या गाड्या बाहेर निघतात, आणि नेमका तोच काळ एप्रिल-मे महिन्यांचा. पारा चाळिशीच्या पार. अशा वेळी अहमदपूर, लोहा मार्गे जाणाऱ्या हायवेवर मागून ट्रक येत असताना गाडी बंद पडणं हा जीवावरचा प्रसंग ठरू शकतो.

उन्हातच का?

या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजनाला चिकटून बसवलेला असतो. तो टाकीतून पेट्रोल ओढतो. पेट्रोलमधले हलके भाग ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि बोनेटखाली उष्णता त्याच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय ओढलेल्या पेट्रोलवर दाब कमी असतो, त्यामुळे ते आणखी लवकर उकळतं. नळीत वाफेचे फुगे होतात. पंप पेट्रोल ढकलायच्या ऐवजी तीच वाफ दाबत-सोडत बसतो. कार्बोरेटर कोरडा पडतो. याला मिस्त्री लोक 'व्हेपर लॉक' म्हणतात.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल जोराच्या दाबानं पुढं येतं, म्हणून त्यांना हा त्रास सहसा होत नाही. डिझेल गाडीचा हिशोब वेगळा. तिला प्लग-कॉइल नसतेच.

दुसरं कारण विजेचं. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जुनी कॉइल तापली की आतला जोड सुटतो, गार झाली की पुन्हा चिकटतो. डेल्कोतला कंडेन्सरही असाच तापल्यावर दगा देतो. लक्षण हुबेहूब व्हेपर लॉकसारखं, म्हणूनच गफलत होते.

बंद पडतानाच पहिली खूण मिळते

- धक्के खात, ताकद कमी होत होत बंद पडली, तर संशय पेट्रोलवर.
- कुणी चावी फिरवावी तशी एकदम गप्प झाली, तर संशय करंटवर.
- तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल, तर गोष्ट वेगळी. रेडिएटर, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट बघावं लागेल. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचंच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

रस्त्यावरची तपासणी, याच क्रमानं

गाडी जमेल तेवढी रस्त्याच्या खाली घ्या. बायका-पोरांना उतरवून लांब सावलीत बसवा. आणि गार व्हायच्या आत तपासा. गार झाली की खूण पुसली जाते.

१) टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुकटात सुटणारा बिघाड आहे, साफ करा.

२) करंट बघा. पेट्रोलची नळी सोडायच्या आधीच हे करायचं. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर कोरड्या जाड कापडानं धरा, झटका जोराचा बसतो. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर कॉइल-कंडेन्सर-पॉइंट बघायचे.

३) कॉइलला ओलं फडकं. ठिणगी नसेल तर चावी बंद करून कॉइलच्या अंगावर ओलं फडकं गुंडाळा. तारांच्या टोकांना पाणी लागू देऊ नका. पाच-दहा मिनिटांत ठिणगी परत आली तर चोर सापडला.

४) पेट्रोल बघा. ठिणगी चांगली असेल तर कॉइलची वायर सोडा, म्हणजे आगीची भीती राहणार नाही. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरा, सेल्फ मारा. सलग पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. फेस, फुगे किंवा नुसती हवा आली तर पंपावर ओलं फडकं टाकून पुन्हा बघा. गार झाल्यावर पेट्रोल आलं तर व्हेपर लॉक. तरीही आलं नाही तर पंपाचा पडदा फाटला असेल, गाळणी चोंदली असेल किंवा टाकीकडच्या नळीला चीर जाऊन पंप हवा ओढत असेल.

तापलेल्या इंजनावर किंवा पंपावर गार पाण्याची बादली ओतू नये. बीड तडकतं. ही तपासणी करताना बिडी-सिगारेट लांबच.

चहाला थांबल्यावर चालू होत नसेल तर

हा वेगळा प्रकार. इंजन बंद केल्यावर उष्णता वर चढते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. गाडी 'ओव्हर' होते, पेट्रोलचा वास येतो. चोक ओढू नका, एक्सलेटर फुकट पंप करू नका. एक्सलेटर हळूच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुढच्या वेळी थांबल्यावर बोनेट उघडं ठेवा.

कायमचा इलाज

- पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल तर लांब घ्या, किंवा मध्ये पत्रा लावा.
- कार्बोरेटरच्या खालचं जाड पॅकिंग उष्णता अडवण्यासाठीच असतं. मागं कुणी पातळ टाकलं असेल तर मूळ जाडीचं बसवा.
- कॉइल गाडीच्या जातीचीच घ्या. काही कॉइल रेझिस्टन्ससोबत वापरायच्या असतात. तो नसताना लावल्या तर तापून जळतात. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम भरतो. मिस्त्रीला गार असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा मीटर लावायला सांगा.
- इंजन बंद असताना चावी चालू ठेवून टेप ऐकत बसू नका. पॉइंट जुळलेले असले तर कॉइल फुकट तापते.
- पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही. नळ्या फुगलेल्या, चिकट किंवा तडकलेल्या दिसल्या तर सगळ्या एकदम बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत तेच पेट्रोल ठेवू नका.

एक भाग बदलला की त्याच दिवशी दुसरा बदलू नका. भर दुपारी गाडी पळवून बघा, फरक पडला का ते वहीत लिहा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर बिघाड कशात होता हे ना मालकाला कळतं, ना मिस्त्रीला.

उन्हाळ्यात निघताना गाडीत एवढं असू द्या : एक जादा प्लग, चालू अवस्थेतला कंडेन्सर, पाना, दोन सुती फडकी आणि पाच लिटर पाणी. आणि पेशंट घेऊन दवाखान्यात जायचं असेल तर, बिघाड सापडेपर्यंत, या गाडीच्या भरवशावर निघू नये.