चाक तेच, तोल नवा : गिरडच्या वाटेवरील गोणी, बंडी आणि पिकअप

१/ आपली पिकअप पुढून खाली झुकलेली दिसते, म्हणून अनेक तरुण मालक कारखान्याचे मूळ टायर कायम ठेवून केवळ पुढचा भाग दीड-दोन इंच उचलून घेतात. हा छंद नवा वाटतो. परंतु चाक न बदलता वाहनाचा तोल कसा साधावा, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या वाटांवर फार जुना आहे. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ आरंभ गिरडपासून करू. समुद्रपूर तालुक्यातील या गावाच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आढळतात. भूशास्त्राच्या दृष्टीने हे झिओलाइट खनिजाचे गोळे. लोककथा मात्र सांगते, की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी संताची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याजवळचे नारळ आणि इतर माल दगड झाला.

३/ कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली. तेव्हा संताने त्यांच्या गोण्यांत वाळलेली पाने भरून पुन्हा माल निर्माण केला आणि ते दोघे कायमचे त्यांच्या सेवेत राहिले. कथा खरी मानावी की नाही, हा प्रश्न वेगळा. तिच्यातील गोणी मात्र इतिहासाची खूण आहे. पक्के रस्ते येण्यापूर्वी दूरचा व्यापार मुख्यतः बैलाच्या पाठीवरून चाले.

४/ पाठीवरच्या वाहतुकीचा नियम साधा होता : दोन्ही बाजूंच्या गोण्या समान वजनाच्या हव्यात. एक बाजू जड झाली की खोगीर सरकते, पाठ सोलवटते आणि जनावर निकामी होते. येथे तोल डावा-उजवा होता. गाडी आली आणि तोलाचा प्रश्न पुढे-मागे असा झाला.

५/ दख्खनच्या अनेक भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची गाडी अवजड असे. तिची चाके भरीव असत. १८३० च्या दशकात महसुली मोजणीच्या कामावरील लेफ्टनंट गेस्फर्ड यांनी सोलापूरच्या बाजूला हलक्या, दोन बैलांच्या सुधारित गाडीचा पुरस्कार केला. आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी पुढे सर्वत्र रूढ झाली.

६/ वऱ्हाड-नागपूरकडे या गाडीला ‘बंडी’ म्हणतात. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. हिंगणघाटचा कापूस आधीच नावाजलेला होता. रेल्वेने बंडीचे काम संपवले नाही, उलट वाढवले. शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंत कापूस बंडीनेच जात असे.

७/ आता यंत्रशास्त्र पाहू. दोन चाकांची बंडी म्हणजे आसावर टेकलेला तराजू. भार आसाच्या किंचित पुढे असेल, तर थोडे वजन बैलांच्या मानेवर येते आणि गाडी स्थिर चालते. भार मागे गेला की गाडी उलाळते : जू वर उचलले जाते आणि जुंपणीचा पट्टा बैलाच्या गळ्याला आवळतो. भार फार पुढे गेला, तर मान दबते आणि खांद्याला जखम होते.

८/ त्यात चढ-उताराची भर पडते. टेकडी चढताना भार मागे सरकल्यासारखा होतो, उतरताना पुढे. साटा आसापेक्षा जितका उंच, तितका हा फरक मोठा. म्हणजे उंच चाक खड्डे आणि काळ्या मातीतील चाकोऱ्या सहज ओलांडते. पण त्यावर उंच बसलेला भार चढावर अधिक दगा देतो.

९/ आणि गाडीचा पुढचा भाग किती उंच ठेवायचा, हे सुताराच्या हाती नव्हतेच! ती उंची बैलाच्या खांद्याने ठरत असे. वर्धा-नागपूर परिसरातील गौळाऊ बैल हलका आणि चपळ. मराठ्यांच्या सैन्याची जलद वाहतूक त्याच्यावर होत असे, अशी परंपरा आहे. चाक ठरलेले, जू ठरलेले. मग सुताराने बदलायचे ते आस आणि साट्यामधील लाकूड, दांड्यांचा कल आणि भार रचण्याची जागा.

१०/ विसाव्या शतकात रबरी टायर आला आणि हे गणित विस्कटले. डनलॉपची हवेची चाके लाकडी चाकांपेक्षा लहान. आस खाली आला, जू मात्र बैलाच्या खांद्याएवढ्याच उंचीवर राहिले. जुन्या बंडीला नुसते टायर लावले, तर साटा पुढून वर उठतो आणि माल मागे घसरतो. म्हणून टायरच्या बंडीला बांधणीच नवी लागली.

११/ वाद केवळ बांधणीचा नव्हता. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे केंद्र. संघाचे जे. सी. कुमारप्पा यांचा रबरी टायरला विरोध होता. लाकडी चाक आणि लोखंडी धाव गावचे सुतार-लोहार करतात, त्यांची मजुरी गावातच राहते. टायरचा पैसा बाहेर जातो. उलट लोखंडी धाव रस्ते कापते, ही रस्ते बांधणाऱ्यांची तक्रार होती. बैलाला टायरची गाडी ओढायला हलकी, हेही खरे. तिन्ही बाजूंत तथ्य होते.

१२/ आता पिकअपकडे वळू. रिकामी पिकअप मागून उंच दिसते, तो दोष नव्हे. मागच्या पाट्यांवर भार पडला की ती खाली बसून सपाट व्हावी, असा तो हिशेब आहे. पुढचा भाग उचलला, तर रिकामी गाडी सपाट दिसते. पण भरल्यावर मागे बसते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मूळ टायर ठेवल्याने वेगमापक आणि गिअरचे गणित बिघडत नाही, एवढा लाभ खरा. तथापि चाकांची जुळणी पुन्हा करावी लागते, सांध्यांवर ताण वाढतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना मर्यादा घालते.

१३/ बंडी आणि पिकअप यांत एक भेद मात्र निर्णायक आहे. बंडीचा तोल चुकला, तर बैलाची मान ते लगेच सांगे. धुरकरी खाली उतरून पोती सरकवत असे. पिकअपला मान नाही. तिची चूक स्प्रिंग, टायर आणि ब्रेक मुकाट्याने सोसतात आणि हिशेब उशिरा, कधी घाटात, मागतात. म्हणून तोल रिकाम्या गाडीवर नव्हे, भरल्या गाडीवर मोजावा. सुतारांनी तो नेहमी तसाच मोजला.