नवअभिजात वास्तुकला : ग्रीक-रोमन वारसा आणि पॅरिसमधील दोन मंदिरे

इसवी सनाच्या १८व्या शतकाच्या मध्यापासून १९व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपात जी बांधकामशैली प्रचलित होती, तिला नवअभिजात वास्तुकला असे म्हणतात. प्राचीन ग्रीस व रोम येथील इमारतींचा साधेपणा, प्रमाणबद्धता आणि भारदस्तपणा पुन्हा साध्य करणे हे या शैलीचे ध्येय होते. तिच्या आधीच्या बरोक शैलीत वक्र रेषा, सोनेरी नक्षी आणि दिपवून टाकणारी सजावट यांवर भर असे. नवअभिजात शैलीने ही सजावट दूर सारून सरळ रेषा, उघड्या भिंती व स्तंभांच्या रांगा यांना प्राधान्य दिले.

शैलीचा उगम

नेपल्सजवळ हर्क्युलेनियम येथे १७३८ साली आणि पॉम्पेई येथे १७४८ साली उत्खनन सुरू झाले, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली रोमन नगरे युरोपला प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. जर्मन अभ्यासक योहान विंकेलमान यांनी ग्रीक कलेचा गौरव करणारे ग्रंथ लिहिले. त्यांनी १७५४ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती आणि पुढे रोममध्ये पोप महोदयांच्या सेवेत पुरातन वस्तूंचे प्रमुख म्हणून काम केले. फ्रान्समध्ये मार्क-आंत्वान लोजिए या धर्मगुरूंनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, खांब, तुळई व छप्पर एवढेच असलेली आदिम झोपडी हाच वास्तुकलेचा खरा पाया आहे. खांब भार पेलण्यासाठी असावा, केवळ शोभेसाठी नव्हे.

ग्रीकांचे काय, रोमनांचे काय?

ग्रीकांनी स्तंभांचे तीन प्रकार दिले. डोरिक स्तंभ जाड व साधा असतो. आयोनिक स्तंभाच्या शीर्षावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणे असतात. आणि कोरिंथियन स्तंभाचे शीर्ष पानांच्या नक्षीने मढवलेले असते. स्तंभांच्या रांगेवरील त्रिकोणी दर्शनी भाग हीदेखील ग्रीक मंदिराचीच देणगी होय. भव्य कमान, काँक्रीट आणि विशाल घुमट यांच्या वापरात मात्र रोमनांनी आघाडी घेतली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे टाऊन हॉल (१८३३) ज्यांनी पाहिले असेल, त्यांना समोरच्या डोरिक स्तंभांवरून या शैलीची कल्पना सहज येईल.

संत जेनेव्हिएव्ह यांचे मंदिर

संत जेनेव्हिएव्ह या पॅरिसच्या आश्रयदात्या संत होत. ५व्या शतकात हूणांचा राजा अटिला चालून येत असता त्यांनी भयभीत नगरवासीयांना प्रार्थनेसाठी एकत्र करून धीर दिला, अशी परंपरा आहे. १७४४ साली फ्रान्सचे राजे १५वे लुई मेट्झ येथे गंभीर आजारी पडले. बरे झाल्यास या संतांच्या नावे नवे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला. १७५५ साली हे काम जाक-जर्मेन सुफ्लो या वास्तुविशारदाकडे सोपवण्यात आले आणि १७६४ साली राजांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली.

सुफ्लो यांनी इटलीत पेस्टम येथील ग्रीक मंदिरांचे अवशेष स्वतः पाहिले होते. त्यांनी आराखडा समभुज क्रूसाच्या आकाराचा ठेवला. समोरचा द्वारमंडप रोमच्या पँथिऑनवरून घेतला, त्यात २२ कोरिंथियन स्तंभ उभे केले आणि वर एकात एक असे तीन घुमट रचले. ग्रीक मंदिराची भव्यता आणि गॉथिक कथीड्रलचे हलके, उजेडाचे बांधकाम यांचा मेळ घालावा, हा त्यांचा हेतू होता. घुमट पेलणारे खांब बारीक असल्यामुळे त्यांवर टीका झाली व पुढे त्यांना तडेही गेले. १७८० साली सुफ्लो निवर्तले. त्यांचे सहकारी रोंदले यांनी १७९० साली काम पूर्णत्वास नेले आणि खांब अधिक मजबूत केले.

क्रांतीचा तडाखा

तोवर फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली होती. १७९१ साली राष्ट्रीय सभेने हे मंदिर राष्ट्राच्या थोर पुरुषांचे समाधिस्थान ठरवले व त्याला पँथिऑन असे नाव दिले. उजेडासाठी ठेवलेल्या खिडक्या बुजवण्यात आल्या. चर्चचे कठोर टीकाकार व्होल्तेर यांचे अवशेष समारंभपूर्वक तेथे आणले गेले; १७९३ साली संत जेनेव्हिएव्ह यांचे पवित्र अवशेष मात्र जाहीरपणे जाळण्यात आले. पुढे १९व्या शतकात सत्ता बदलेल तसे हे मंदिर कधी चर्च, तर कधी समाधिस्थान होत राहिले. अखेर १८८५ साली साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो यांच्या अंत्यविधीच्या वेळी ते कायमचे समाधिस्थान झाले. १९९५ साली शास्त्रज्ञ मेरी क्युरी यांचे अवशेषही येथे आणण्यात आले.

मादलेन : उलटा प्रवास

त्याच नगरातील मादलेन मंदिराची कथा याच्या नेमकी उलट आहे. संत मरिया माग्दालेना यांच्या नावाने १७६३ साली सुरू झालेले हे चर्च क्रांतीमुळे अर्धवट राहिले. १८०६ साली नेपोलियनने तेथे आपल्या सैन्याच्या गौरवार्थ स्मारकमंदिर बांधण्याचा हुकूम दिला. पिएर व्हिन्यों यांनी नीम येथील ‘मेझों कारे’ या रोमन मंदिराच्या धर्तीवर सभोवार ५२ कोरिंथियन स्तंभ असलेली इमारत योजली. नेपोलियनच्या पाडावानंतर ती पुन्हा चर्चकडे आली आणि १८४२ साली तिचे अभिषेचन झाले. बाहेरून घंटाघर दिसत नाही, तरी दर्शनी त्रिकोणात अंतिम न्यायाचे शिल्प आहे आणि आजही तेथे मिस्सा अर्पण केली जाते.

दगड आणि श्रद्धा

अन्यधर्मीय देवळाचा आकार चर्चला शोभतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते त्याचे उत्तर रोममध्येच आहे. सम्राट हेड्रियनच्या काळी उभे राहिलेले, सुमारे ४३ मीटर व्यासाच्या घुमटाचे पँथिऑन ६०९ साली पोप ४थे बोनिफेस यांनी पवित्र मरिया व सर्व हुतात्म्यांना अर्पण केले. उपासनास्थळ म्हणून वापरात राहिल्यामुळेच ती वास्तू बहुतांशी शाबूत राहिली, असे इतिहासकार मानतात. देवळाचे चर्च झाले आणि पॅरिसमध्ये चर्चचे समाधिस्थान झाले. स्तंभ व घुमट दोन्हीकडे सारखेच होते. तेथे कोण जमते आणि कशासाठी जमते, यावरून वास्तूची ओळख ठरली.

लूर्दच्या यात्रेनिमित्त पॅरिसला थांबणाऱ्या भाविकांनी पँथिऑनच्या घुमटावरील क्रूस व आतील भिंतींवरची संत जेनेव्हिएव्ह यांच्या जीवनावरील चित्रे आवर्जून पाहावीत. शेजारच्याच संत एत्येन-द्यु-माँ या चर्चमध्ये त्यांच्या मूळ कबरीच्या शिळेचा भाग जतन केलेला आहे. जाळलेले अवशेष परत आले नाहीत; परंतु त्या शिळेजवळ मेणबत्ती लावून प्रार्थना करणारे भाविक आजही येतात. ३ जानेवारी हा या संतांचा सण होय.