हे सांगितलं कुणी?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला. शेळीचं पोट फुगलं तर अमुक पाला द्या. मी विचारलं, "हे सांगितलं कुणी?" सगळ्या गप्प.

नेमका हाच प्रश्न ज्यांच्या कामाचा पाया आहे, त्या ग्रंथपालांची गोष्ट आज सांगते.

अमेरिकेत वूस्टर गावी सॅम्युअल ग्रीन नावाचे ग्रंथपाल होते. १८७६ साली त्यांनी ग्रंथपालांच्या परिषदेत सांगितलं, की वाचकाला नुसतं कपाट दाखवून भागत नाही. त्याच्याशी आपुलकीने वागा, म्हणजे साध्या कारागिरालाही विचारताना संकोच वाटणार नाही.

पुढे पत्राने, मग फोनवर लोक विचारू लागले. १९८४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर इथल्या आरोग्यविषयक ग्रंथालयाने कॉम्प्युटरवरून आलेले प्रश्न घ्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक जोसेफ जेन्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर इमारतच नसलेलं ग्रंथालय उभं केलं, थेट इंटरनेटवर. ईमेलने प्रश्न यायचे आणि ठिकठिकाणचे ग्रंथपाल फुकट उत्तरं शोधून द्यायचे. ते २०१५ मध्ये बंद झालं. पण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'ग्रंथपालाला विचारा' ही सोय आजही आहे.

यांची पद्धत आपण शिकण्यासारखी आहे. कुणी लिहिलं, "शेळ्यांची माहिती हवी," तर ग्रंथपाल आधी उलट विचारतो : जात निवडायची आहे, आजार झालाय, की कर्ज हवंय? प्रश्न नीट उलगडला की शोध सोपा होतो. मग तो उत्तर देतो, आणि ते कुठल्या पुस्तकात, कुठल्या सरकारी कागदात सापडलं तेही सांगतो. आजाराबद्दल विचारलं तर छापलेली माहिती दाखवतो, औषध मात्र सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरकडेच जा म्हणतो.

आम्हीही तेच केलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तो पाला अजिबात देऊ नका, शेळी घेऊन या." शेळी वाचली. नाहीतर गटाच्या कर्जावर घेतलेली ती शेळी गेली असती आणि हप्ते तेवढे मागे राहिले असते.

तेव्हापासून आमच्या बैठकीत नियम आहे. निरोप वाचायचा, पण आधी विचारायचं, हे सांगितलं कुणी? तुम्हीही विचारा, बायांनो. विचारण्यात लाज कसली?