बावड्याची वाट

इंदापुराहून अकलूजकडे जातांना बावडा लागतें. श्रीतुकोबारायांची पालखी ह्याच वाटेनें पंढरीस जाते. येथील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून रस्त्याचें आयुष्य वरच्या डांबरापेक्षां खालच्या मुरुमावर व पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून असतें. मॅकॅडमचा (१७५६–१८३६) सिद्धांत हाच: भार पेलते ती कोरडी भूमि, बारीक फोडलेली खडी तिचें केवळ आच्छादन होय. ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं ह्या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रुंदीकरणांत जुनी खूण प्रथम पुसली जाते. तरी संग्राहकांनीं पोथ्यांइतक्याच आस्थेनें मैलाचे दगड, मोऱ्यांवरील लेख व दुरुस्तीचे हिशेब टिपून ठेवावे. वाटेची बखर त्यांतच आहे.