गणेशोत्सव : पूजेच्या अधिकाराचा इतिहास

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपल्या घरी येणारा गणपती मातीचा असतो, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिचा अर्थ विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. देवळातील मूर्ती पाषाणाची वा धातूची, कायमची असते. ही मात्र पार्थिव. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवत्व यावयाचे, दीड, पाच, सात वा दहा दिवस तिची सेवा व्हावयाची आणि मग ती पाण्यात विरून जावयाची. पुढील वर्षी सारे पुन्हा नव्याने. म्हणजे या व्रतात वारशाने येते ते केवळ पूजनाचे कर्तव्य. मूर्ती कोणाच्याच मालकीची राहत नाही. हा अर्थ ध्यानी ठेवून आम्ही या उत्सवाच्या इतिहासाकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

कोकणातील घरगुती गणपतीचे रूप पाहावे. पुरुष रानातून फळे, फुले, कवंडळे आणून माटोळी बांधतात. स्त्रिया तेरड्याची रोपे गौर म्हणून पाणवठ्यावरून घरी आणतात, सुपे भरून ओवसा घेतात, मोदकांची उकड काढतात. मुले दूर्वा आणि पत्री खुडतात. भटजींचे काम तासाभराचे. बाकीचा उत्सव घरातील सर्व हातांनी उभा राहतो. चाकरमानी मुंबईहून गावी धावतो तो याच सामायिक कार्यातील आपला वाटा उचलण्यासाठी.

हा घरचा देव १८९३ च्या सुमारास चौकात आला. पेशवाईत शनिवारवाड्यात उत्सव थाटाने होत असे. परंतु तो दरबाराचा होता. पुण्यात भाऊसाहेब रंगारी आदी मंडळींनी सार्वजनिक गणपतीस आरंभ केला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्यास व्यापक रूप दिले. १८९३ सालीच गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत उत्सव सुरू झाला. मेळे, व्याख्याने, कीर्तने यांनी परकीय सत्तेच्या काळात समाजास एकत्र येण्याचे व्यासपीठ मिळाले. येथपर्यंतचा इतिहास शाळेतील मुलेही सांगतात. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो.

वर्गणी सर्वांची, मग पूजा कोणाची? हा प्रश्न १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात उघडपणे विचारला गेला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या प्रसंगी अग्रभागी होते. अस्पृश्य मानलेल्या हिंदूसही पूजेचा अधिकार असावा, ही त्यांची मागणी होती. मोठा वाद होऊन अखेर तडजोड निघाली ती अशी की, पुजाऱ्याने पूजा करावी, नंतर अस्पृश्य बंधूने स्नान करून फुलांचा गुच्छ सर्वांसमक्ष पुजाऱ्याच्या हाती द्यावा आणि पुजाऱ्याने तो देवास वाहावा. एका गुच्छासाठी एवढा झगडा! परंतु त्या गुच्छाबरोबर एक तत्त्व मान्य झाले. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. पुढे १९३१ साली रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वाने आणि सावरकरांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले.

आपल्या वाकोल्यास हा धडा परका नाही. येथे जुन्या गावठाणातील ख्रिस्ती कुटुंबे, कोकण आणि घाटावरून आलेले लोक, तसेच परप्रांतीय असे सर्व शेजारी राहतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीस मिळणारा वाकोला नाला फुगला, तेव्हा मुंबईभर अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांस आसरा दिला. जात विचारण्यास कोणास सवड नव्हती. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच गणपती आले.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली या उत्सवास राज्य महोत्सव म्हणून गौरविले. तो गौरव योग्यच आहे. परंतु आपल्या घरांत एक प्रश्न अजून शिल्लक आहे. ज्या घरी पुत्र नाही, तेथील गणपती आईवडिलांच्या पश्चात पुतण्याकडे जावा, की कन्येने चालवावा? पतीच्या निधनानंतर ज्या भगिनीने मुलांस वाढविले, शिकविले, तिने गौरीच्या ओवशापासून दूर का बसावे? दादरला १९२६ साली जो प्रश्न परक्या हातांविषयी विचारला गेला, तोच येथे स्वतःच्या घरातील हातांविषयी आहे. आणि घरच्यांस ‘नाही’ म्हणणे अधिक लज्जास्पद आहे.

रूढी मोडते असे कोणी म्हणतील. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, या उत्सवाची रूढी कधीच गोठलेली नव्हती. तो वाड्यातून चौकात आला, चौकातून चाळीत शिरला, आणि प्रत्येक वेळी नवे हात लागूनच तो वाढला. जी मूर्ती आपण दरवर्षी स्वहस्ते पाण्यात सोडतो, तिच्या पूजेचा अधिकार मात्र मुठीत आवळून धरणे त्या व्रताच्या अर्थास शोभत नाही.

ज्ञातिसंस्था विद्यार्थ्यांस साहाय्य देते, वधूवर जुळविते, दुःखात धावून जाते. येत्या चतुर्थीस तिच्या सभासद कुटुंबांनी पाटावर कन्येस बसवावे आणि सूप विधवा भगिनीच्या हाती द्यावे. त्याकरिता ठरावाची वा वर्गणीची आवश्यकता नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा एक शब्द पुरेसा आहे.