कालनिर्णयवरचे गोल

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई माझ्या पाळीच्या तारखेला पेन्सिलीने गोल करायची. मी १९ वर्षांची असताना सलग चार पानं कोरी गेली. डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की होईल नीट." आई गप्प राहिली. घरी येऊन तिने पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

या दुखण्याची, म्हणजे पीसीओएसची, ठळक ओळख पटली १९३५ साली, शिकागोत. स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी ७ बायकांची हकिकत छापली. पाळी बंद, अंडाशय गाठींनी मोठे झालेले. उपाय काय, तर पोट उघडून दोन्ही अंडाशयांची पाचर कापून काढायची. सातही जणींची पाळी परतली, दोघींना दिवस राहिले. मग कित्येक वर्षं हीच शस्त्रक्रिया चालली. पण कापलेली जागा आतून चिकटायची आणि कुणाकुणाची मूल होण्याची वाट त्यानेच अडायची. हे वाचताना माझा हात आपोआप पोटावर जातो.

सुरीकडून ताटाकडे नजर वळली ती फार उशिरा. १९८०च्या सुमारास कळू लागलं की रक्तात वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. १९९२ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलेल्या लठ्ठ बायकांपैकी बहुतेकींची पाळी सुधारली. ७० किलोंत साडेतीन किलो! एवढा आकडा मला तेव्हा कुणी सांगायला हवा होता.

सडपातळ मुलींनाही हे होतं, त्यांना वजनाचा धाक घालू नये.

मी रोज पाऊण तास चालते. ताटात आधी मटकीची उसळ, मग भात. या महिन्याचा गोल मीच काढला.